सतरा, अकरा, सात

नूर महंमदनं ब्लेडनं गादीचा पहिला टाका कापला आणि खोळीत कोपरापर्यंत हात घातला. आतल्या कापसाच्या गाठी झाल्या होत्या. त्यानं एक गाठ बाहेर काढली, बोटांनी उलगडली आणि चहाचा कप घेऊन पायरीवर उभ्या असलेल्या कमलबाईला दाखवली.

"कापूस चांगला शे, भाभी. पिंजी दिधा का अजून दहा वरीस जाई."

दहा वर्षं! कमलबाईला पंधरा दिवसांचीही खात्री नव्हती. पण ते सांगते कुणाला? तिनं कप पुढे केला.

"पह्यले च्या ली ल्या, नूरभाऊ."

ओसरीत खाटेवर तिचा नवरा, अभिमन आबा, पडून होता. दोंडाईच्याच्या बाजारात मिरचीचं पोतं एकट्यानं गाडीवर टाकणारा हा गडी, आता कूस बदलायची तर दोन माणसं लागत. जीभ मात्र शाबूत होती.

"नूर, मन्हा लगननी गादी तुन्हा बापनी भरी व्हती," तो खाटेवरूनच ओरडला. "ती वीस वरीस टिकनी. हाई तू भरी, पाह्य काय हाल व्हयनात!"

"तवय नवरदेव बी नवा व्हता ना, आबा!"

आबा हसला, हसताहसता खोकला आणि खोकून झाल्यावरही हसत राहिला. नूर महंमदनं मालरिक्षावर बसवलेलं पिंजायचं यंत्र सुरू केलं. पट्टा फिरू लागला, अंगणभर कापसाचे पुंजके उडाले, आणि आवाजात बाकी सगळं बुडालं. कमलबाईला तो आवाज बरा वाटला. तेवढा वेळ कुणी कुणाशी काही बोलत नाही.

धुळ्याच्या दवाखान्यातून येऊन बारा दिवस झाले होते. तिथल्या डॉक्टरनं तिला एकटीलाच आत बोलावलं होतं. मुलगा ज्ञानेश्वर तेव्हा खाली औषधं आणायला गेला होता. डॉक्टर तरुण होता, बोलला मात्र समजुतीनं. आता उपाय नाही, मावशी. घरी न्या. दोन-तीन आठवडे, फार तर महिना. पाठीला जखमा होतील, तेवढी गादी मऊ ठेवा. कमलबाई बाहेर आली आणि ज्ञानेश्वरला म्हणाली की डॉक्टरांनी आराम सांगितलाय. घरी आबालाही तेच सांगितलं, सून सारिकालाही तेच. एकदा सांगितलेलं खोटं मग रोज सकाळी उठून पुन्हा सांगावं लागतं, ते ती सांगत होती.

मोटारसायकल दारात थांबली ती कुणाला ऐकू आली नाही. ज्ञानेश्वर उतरला, त्याच्या मागून गल्लीतला रुपचंद उतरला, आणि त्याच गल्लीतला झुलाल पायी पळत आला. ज्ञानेश्वर सरळ यंत्राशी गेला आणि त्यानं ते बंद केलं.

"बस. आता याला हात लावायचा नाही."

ज्ञानेश्वर घरात अहिराणी बोलायचा. पुस्तकी मराठी त्याच्या तोंडून आली की समजायचं, राग डोक्यात गेलाय. धुळ्यात त्याचा पोलीस भरतीचा क्लास होता. पोरांना तो बुद्धिमत्ता चाचणी शिकवायचा: आकड्यांची मालिका ओळखा, पुढचा आकडा सांगा. त्याच्यासारखं हे शिकवणारा जिल्ह्यात दुसरा नाही, असं पोरं म्हणत, आणि कमलबाईला त्याचा केवढा अभिमान होता!

"काय व्हयनं, भाऊ?" नूर महंमदनं विचारलं.

"झुलालच्या वडिलांची गादी तुम्ही कधी पिंजली?"

"दिवाईना मांगे."

"त्यानंतर सतराव्या दिवशी ते गेले. रुपचंदची काकू अकराव्या दिवशी. या धुरपदाअक्कांचे यजमान सातव्या." शेजारच्या भिंतीवरून धुरपदाबाई डोकावत होती, तिच्याकडे त्यानं हात केला. "सतरा, अकरा, सात. आधी सहाचा फरक, मग चारचा, मग दोनचा. पुढचा आकडा पाच. आज गादी भरली असती तर रविवारी माझा बाप गेला असता."

हिशोब इतका चोख होता की रुपचंदनं नकळत बोटांवर मोजून पाहिलं आणि मान डोलावली.

"मन्ही काकू चांगली बोलत व्हती," तो म्हणाला. "गादीवर नीजनी आणि अकरावा दिनले गयी."

चांगली कसली बोलत होती? शेवटचा महिना ती कुणाला ओळखतही नव्हती. पण आता ते आठवून रुपचंदला काय करायचं होतं?

"माले बलावतस तवय मी येस," नूर महंमद म्हणाला. तीस वर्षं या गावात येणारा माणूस, पण आता तो एकेक शब्द जपून टाकत होता. "बिगर बलावता मी कोन्हाच घरमा गयू नही. भाभी, तुमीच सांगा ना. फोन कोनी करा व्हता?"

सगळे तिच्याकडे वळले. कमलबाईनं धुरपदाबाईकडे पाहिलं. धुरपदाबाईला ठाऊक होतं. झुलालच्या आईला ठाऊक होतं. गादी पिंजून घ्यायची वेळ कधी येते, हे ज्या घरातल्या बाईनं माणूस अंथरुणाला खिळलेला पाहिलाय तिला सांगावं लागत नाही. आणि दिवस कमी का होत गेले, तेही बायकांना पक्कं माहीत होतं. झुलालच्या आईनं नूर महंमदला बोलावलं आणि गल्लीला कळलं की म्हातारा आता जाणार. मग पुढच्या घरानं बोलावणं लांबवलं, त्याच्या पुढच्यानं आणखी लांबवलं. धुरपदाबाईनं तर नवऱ्याच्या पाठीतून पू यायला लागला तेव्हा फोन केला. नूर महंमदला हाक मारायची म्हणजे आशा सोडल्याचं मान्य करायचं. ते आपणहून कोण करतं?

एवढंच सांगायचं होतं. पण यंत्र बंद होतं, आणि ओसरीतली खाट दहा पावलांवर होती.

"मीच करा," ती म्हणाली. "गादी कडक व्हयी गयी व्हती."

"ऐकलं?" ज्ञानेश्वर म्हणाला. "प्रत्येक घरी हेच. आणि जुन्या खोळी कुठे जातात? विचारा यांना."

झुलाल तोवर रिक्षात चढला होता. सीटखालचं गाठोडं त्यानं अंगणात उपसलं. यंत्र पुसायची फडकी होती, तेलानं काळी झालेली. त्यात एक निळ्या पट्ट्यांचं होतं.

"हाई मन्हा बापनी खोळ शे." त्याचा आवाज फुटला. "मन्हा बापनी! तू काब्र ठी लिधी रे?"

"फाटेल व्हती, भाऊ. तुन्ही मायनीच दिधी, पुसाले."

झुलालला ते ऐकू गेलं की नाही कुणास ठाऊक. बाप गेल्यापासून तो जे शोधत होता ते त्याला सापडलं होतं. कापूस झोडायची काठी भिंतीला टेकून होती, ती त्यानं उचलली आणि यंत्रावर घातली. पत्रा दबला. गल्लीतून आणखी चौघे-पाच जण आत आले. काय झालं हे त्यांना कुणी सांगितलं नाही. काठी, फडकं आणि नूर महंमदची दाढी पाहून त्यांचं त्यांनीच जुळवलं. रुपचंदनं नूर महंमदची कॉलर धरली. म्हाताऱ्यानं हात जोडले, आणि ते जोडलेले हात पाहून झुलालनं काठी पुन्हा वर केली.

"सोड त्याले!"

कमलबाई पायरी उतरून मध्ये आली. तिची जीभ आता थांबेना.

"डाक्टरनी माले सांगं. काही उपाय नही. घर ली जा, मऊ गादीवर नीजाडा. म्हनीसन मी बलावं नूरभाऊले. झुलाल, तुन्ही मायनी बी तसंच बलावं. रुपचंद, तुन्हा काकानी बी. मानूस जावाले लागस तवय गादी पिंजतस रे! गादी पिंजी म्हनीसन कोनी जात नही!"

बोलून झालं आणि तिला धाप लागली. ओसरीकडे पाहायचा धीर तिला झाला नाही. चाळीस वर्षांच्या संसारात नवऱ्यापासून तिनं एवढी एकच गोष्ट लपवली होती, आणि ती आता भर अंगणात ओरडून सांगितली.

झुलालनं काठी हळूहळू खाली घेतली. क्षणभर तिला वाटलं, समजलं याला. त्यानं भिंतीकडे वळून विचारलं,

"धुरपदाअक्का, तुमीन बी आशेच बलावं व्हतं?"

धुरपदाबाईनं कमलबाईकडे पाहिलं, मग ज्ञानेश्वरच्या चेहऱ्याकडे.

"माले काय माहीत नही बा," ती म्हणाली, आणि भिंतीवरून तिचं डोकं दिसेनासं झालं.

रुपचंदची पकड सैल झाली होती. नूर महंमदनं ती हळूच सोडवली, फडकी तिथेच टाकली आणि रिक्षा सुरू केली. कुणी त्याला अडवलं नाही. तो या गावात पुन्हा येणार नव्हता, हे त्यालाही कळलं आणि गावालाही. दाराबाहेर पडताना त्यानं एकदा कमलबाईकडे पाहिलं, आणि त्या नजरेत आभार नव्हते, भीती होती. तिच्यासाठी वाटलेली भीती. तिला ती तेव्हा समजली नाही.

ज्ञानेश्वर हलला नव्हता. वर्गात पोरानं नवीन उदाहरण घातलं की तो असाच उभा राहत असेल.

"म्हणजे डॉक्टरांनी तुला सांगितलं होतं," तो म्हणाला. "आणि तू आम्हाला सांगितलं नाहीस."

"कशी सांगू, बेटा?"

"नूर महंमदला फोन कधी केलास?"

"त्याच दिनले. दवाखानाना जिनावरथीन. तो आज उना."

"मी खाली औषधं घेत होतो तेव्हा?"

तिनं होकारार्थी मान हलवली.

"मी महिन्याची औषधं घेत होतो, आई. आणि तू वर गादीवाल्याला बोलावत होतीस."

त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. त्याला जवळ घ्यावं म्हणून ती एक पाऊल पुढे आली. तो एक पाऊल मागे सरकला. मग तो रुपचंदकडे पाहत, स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाला, "इतके दिवस मी बाहेरच्याच माणसाकडे बघत होतो." रुपचंदनं कमलबाईकडे पाहिलं आणि लगेच मान खाली घातली. झुलालही घरी जायचं विसरून तिच्याकडे बघत होता, आणि त्याच्या मनात आता त्याची आई येत असणार.

"ज्ञानानी माय," ओसरीतून आबाचा आवाज आला. नेहमीसारखाच, थोडा खरखरीत. त्यानं काय ऐकलं, किती ऐकलं, त्यावरून काही कळेना. "पानी दे व."

"उनू," कमलबाई म्हणाली. तिला त्या हाकेचा केवढा आधार वाटला! ती लगबगीनं माठाशी गेली, पेला भरला, पदरानं बाहेरून पुसला आणि ओसरीकडे वळली.

दारात ज्ञानेश्वर उभा होता. त्यानं तिच्या हातातून पेला काढून घेतला, रागानं नाही, अगदी हळू, आणि मागे उभ्या असलेल्या सारिकाकडे दिला.

"आबांचं खाणंपिणं आता तू बघ," तो बायकोला म्हणाला.

सारिकानं सासूकडे पाहिलं, पेल्याकडे पाहिलं. मग ती मोरीकडे गेली, पेला ओतून दिला, दोनदा विसळला आणि आतल्या खोलीतल्या दुसऱ्या माठातून भरून आणला.