उकळत्या दुधातली पुडी

बेकरीवाल्याची लेक सहा वर्षांची, आणि तिच्या कोपराच्या खोबणीतला इसब तिच्याहून सहाच महिन्यांनी लहान. मलमं सगळी लावून झाली होती. शेवटी डॉक्टरीणबाईंनी तिला आपल्या अभ्यासात घेतलं. आतड्यातले चांगले जंतू वाढवले तर कातडीची खाज कमी होते का, हे त्यांना बघायचं होतं. रोज जिवंत जंतूंची एक पुडी, बारा आठवड्यांनी तपासणी. ज्यांनी पुड्या नीट घेतल्या, त्यांनाच त्या पुढे वर्षभर मिळणार होत्या.

बाप पहाटेपासून भट्टीशी. पण सकाळी आठला घरी येणार म्हणजे येणार. आधीच बेजार झालेल्या लेकराला कच्चं दूध कसं द्यायचं? म्हणून तो दूध खळखळून उकळायचा, त्यात पुडी सोडायचा आणि फुंकर घालघालून लेकीला पाजायचा. बायको म्हणायची, "पावांचे एवढे लाड केले असतेत, तर आज चार दुकानं असती आपली."

अकरा आठवडे झाले तरी खाज जैसे थे.

एका दुपारी त्याच्या धाकट्या भावाने यीस्टवर उकळतं पाणी ओतलं.

"अरे गाढवा, जिवंत असतं ते! मारलंस ना सगळं!" बेकरीवाला कडाडला, आणि त्याचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. वीस वर्षं यीस्ट सांभाळणाऱ्या या शहाण्याने पोटच्या पोरीचं औषध रोज स्वतःच्या हाताने मारलं होतं.

सगळं ऐकून भाऊ म्हणाला, "कुणाला कळतंय? गप्प बस. पुढच्या पुड्या तरी मिळतील."

मोह झालाच. पण मग पुडीला गुण नाही असं कागदावर चढलं असतं, आणि खाजवून रडणारी पोरं काय याच्याच घरात होती? तपासणीच्या दिवशी त्याने सगळं सांगून टाकलं.

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला. "हिला वगळावं लागेल. पुढच्या पुड्याही नाही देता येणार. उकळत्या दुधात घालू नका, हे आम्हीच सांगायला हवं होतं हो."

बाहेरच्या बाकावर बापाचे डोळे भरून आले. "चुकलो गं बाळा. तुला गरम दूध आवडतं असं वाटायचं मला."

"छे! मला गारच आवडतं."

"मग बोलली का नाहीस?"

"गार असतं तर तू फुंकर घालत बसला असतास का? लगेच बेकरीत पळाला असतास."