सहा हजार पावलं

"बाबा, चारशे बारा? अख्ख्या दिवसात चारशे बारा? अहो, नुसतं स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायलं तरी एवढी पावलं होतात!"

फोन टेबलावर स्पीकरवर ठेवला होता. लाइनमन खुर्चीत पाय पसरून, डोळे मिटून, गाणं ऐकावं तशी लेकीची बोलणी ऐकत होता. मधेच एक डोळा उघडून त्याने माझ्याकडे बघून मिचकावला.

"पाय भरून आले होते गं," तो कण्हला. हे कण्हणं मीच त्याला शिकवलं होतं. आधी तो कण्हायचा तेव्हा फाटक करकरल्यासारखं वाटायचं.

"काका आहेत का तिथे? काका, तुम्ही तरी हलवा ना त्यांना!"

"काल ढकलून पाहिलं गं," मी म्हणालो. "खुर्ची गेली पुढे, हा तिथेच."

ती खळखळून हसली. मग आठवण झाल्यासारखी पुन्हा रागावली. मग नातीचा पुढचा दात पडल्याचं सांगितलं, ऑफिसातल्या साहेबाची नक्कल केली, भाजीत मीठ जास्त झालं तर काय करायचं ते मला विचारलं. मी आयुष्यात भाजी केलेली नाही, तरी छातीठोकपणे उपाय सांगितला.

फोन बंद झाल्यावर लाइनमन म्हणाला, "सव्वीस मिनिटं. कालच्यापेक्षा चार जास्त."

मी जातीचा थापाड्या. चाळीस वर्षं कपडे शिवले आणि चाळीस वर्षं प्रत्येक गिऱ्हाइकाला "उद्या नक्की देतो" म्हणालो. तिथून जीभ सैल सुटली ती सुटलीच. पण या माणसाबद्दल थाप मारायची फारशी गरजच पडत नाही. टेलिफोन खात्यात तो खांबावर चढायचा. शिडी लागायची नाही. एकदा वादळात खांब एवढा वाकला की हा चढला आमच्या गल्लीत आणि उतरला मागच्या गल्लीत. निवृत्तीनंतरही तिसऱ्या मजल्यावरच्या घरी तो दोन-दोन पायऱ्या टाकत जायचा आणि मी पहिल्या मजल्यावर धापा टाकत त्याला शिव्या घालायचो.

त्याची बायको गेली, तेव्हा परगावच्या लेकीने त्याच्या मनगटावर एक पट्टा बांधला. पट्टा नाडी बघायचा, पावलं मोजायचा आणि आकडा तिकडे तिच्या फोनवर दिसायचा. रोज सहा हजार, असं ठरलं. लाइनमनला सहा हजार म्हणजे काय! दुपारीच उरकायचा. रोज संध्याकाळी साडेसहाला ती आकडा बघायची; सहा हजार पुरी असली की त्याचा फोन "टिंग" करायचा आणि पडद्यावर लेकीचा अंगठा उमटायचा. शाब्बास म्हणून.

चार महिने रोज अंगठा. रविवारी फोन. "बाबा, बरं आहे ना? पावलं तर छानच दिसतात. ठेवू?" "ठेव." झालं.

मग एक दिवस त्याचं पोट बिघडलं. दिवसभर घरात पडून. पावलं तीनशे. साडेसहाला टिंग नाही, सरळ फोन वाजला. बावीस मिनिटं.

दुसऱ्या दिवशी पोट बरं होतं. तरी तो उठला नाही.

"अरे, तूच का नाही लावत फोन?" मी विचारलं होतं.

"लावतो की. 'बाबा, काही झालंय का?' विचारते. 'काही नाही' म्हटलं की 'मग नंतर करते' म्हणते. काही झालेलं असल्याशिवाय आपल्याशी बोलायचं काय, मास्तर?"

"मग सांग सरळ, करमत नाही म्हणून."

"आणि ती घड्याळाकडे बघत रोज पाच मिनिटं करणार. तसला नको मला."

माझ्याही घरी फोन आहे. चार्जिंग संपत आलं की तेवढा आवाज करतो.

सुरुवातीला मी सल्ला दिला, रोज नको, रोज मरे त्याला कोण रडे. सोमवार आणि गुरुवार आळस करावा, बाकी दिवस चालावं. पण सोमवारला मंगळवार चिकटला, गुरुवारला शुक्रवार, आणि बघता बघता आठवडा भरला. एकदा मीच डोकं लढवलं: पट्टा, फोन सगळं फळीवर ठेवून फिरायला जाऊ. गेलो. तासाभराने परत येतो तर दाराशी शेजारी जमलेले, एकाच्या हातात पहार. पट्ट्याला नाडी लागेना म्हणून तिकडे लेकीने धसका घेतला होता. त्या दिवशीचा फोन रागावण्याचा नव्हता. ती नुसती रडत होती. लाइनमनने त्यानंतर अंघोळीलासुद्धा पट्टा काढला नाही. म्हणाला, "बसायचं तर खरं बसायचं. तिला फसवायचं नाही."

असा तो दोन-अडीच महिने प्रामाणिकपणे बसला. आणि साडेसहा वाजले की मीही तिथे हजर. "काका" म्हणणारं दुसरं कोण होतं मला?

एका दुपारी तो पँट घेऊन आला. दुकान बंद केलं तरी मशीन माझ्या घरी आहेच. म्हणाला, "हिचं कापड सैल पडलंय बघ. जरा आत घे."

"घाल आणि उभा राहा."

तो उभा राहिला. कंबर सैल नव्हती; उलट बटण कसंबसं लागत होतं. मांड्यांवर मात्र कापड काठीला टांगल्यासारखं लोंबत होतं. मी मापाची जुनी वही काढली. सगळ्या गिऱ्हाइकांची मापं आहेत त्यात, कित्येक गिऱ्हाइकं आता नाहीत. याची मांडी एकवीस इंच. मी टेप लावली. साडेअठरा. दुसऱ्या पायाला लावली. तेच.

त्या क्षणी थाप अगदी जिभेवर आली होती. कापड धुऊन धुऊन सैल पडतं, कोण नाही म्हणणार होतं? साडेसहाला फोन यायचा होता. नातीने पडलेल्या दाताचं पुढे काय केलं, ते लेक आज सांगणार होती.

"कापड नाही सैल पडलं," मी म्हणालो. "तू पडलास."

"मारलीस थाप!"

मी टेप त्याच्या हातात दिली. त्याने चष्मा लावला, स्वतः मांडीला गुंडाळली, वाचली. पुन्हा वाचली. मग म्हणाला, "टेप जुनी झालीय तुझी."

"बस त्या स्टुलावर. आता हात न टेकता ऊठ."

तो हसला, बसला आणि उठायला गेला. अर्ध्यातून खाली आला. पुन्हा गेला, पुन्हा आला. तिसऱ्या वेळी त्याचा हात आपोआप माझ्या मशीनवर पडला आणि तो उठला. उभा राहून आपल्याच गुडघ्यांकडे बघत राहिला. वाऱ्यावर डुलणाऱ्या खांबावर एका पायाचा विळखा घालून दोन्ही हातांनी तारा जोडणारा माणूस. ही थाप नाही, मी खाली उभा राहून बघितलंय.

"महिनाभराने मला जिना चढता येणार नाही, असंच ना?" त्याने विचारलं.

"तिसरा मजला आहे तुझा," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही निघालो. बागेला फेरी. पहिल्या दिवशी नऊशेला त्याने बाक गाठला आणि पोटऱ्या चोळत बसला. साडेसहाला फोन आला. "बाबा, नऊशे! काका, तुमचं ऐकलं वाटतं!" अठरा मिनिटं. पुढच्या आठवड्यात दोन हजार, दहा मिनिटं. साडेतीन हजारला सहा. दर रविवारी मी टेप लावायचो. मांडी पाव इंचाने भरायची आणि फोन तेवढ्याच इमानाने आटायचा. साडेपाच हजाराच्या दिवशी ती म्हणाली, "बाबा, तुम्ही तर मलाच मागे टाकाल! आता माझी काळजी मिटली बाई." ती मनापासून खूश होती. लाइनमनही खूश असल्यासारखा "हो हो" करत होता. दोन मिनिटं.

गेल्या शनिवारी आम्ही बागेतून परत आलो. सहा वाजून वीस मिनिटं झाली होती. इमारतीच्या फाटकापाशी तो थांबला आणि मनगट वळवून बघितलं. मीही वाकून बघितलं. पाच हजार नऊशे साठ.

जिना उरला होता. तीन मजले म्हणजे चाळीसच्या वर पायऱ्या.

आम्ही दोघे फाटकाला टेकून उभे राहिलो. साडेसहाला पाचच मिनिटं उरली. रस्त्याने एक सायकल गेली. कुणाच्या तरी घरात कुकरची शिट्टी झाली.

"लाइनमन," मी शेवटी म्हणालो, "दमला असशील. दहा मिनिटं बसू की कट्ट्यावर. जिना काय, पावणेसातला चढलास तरी तिथेच आहे."

त्याने माझ्याकडे बघितलं. मी काय म्हणतोय ते त्याला कळलं होतं, आणि कुणासाठी म्हणतोय तेही.

"तिची काळजी मिटलीय म्हणाली ना, मास्तर," तो म्हणाला. "मिटलेली राहू दे."

"दोनच मिनिटं बोलते रे ती. कुणाचं काय जातंय?"

"चल, उद्या ये," असं म्हणून त्याने माझ्या खांद्यावर थोपटलं आणि आत गेला.

मी जिन्याच्या तोंडाशी उभा राहून ऐकत होतो. कठड्याला हात लावल्याचा आवाज नाही. चपला एकसारख्या पडत होत्या. पहिला मजला, मग दुसरा. दुसऱ्या मजल्याच्या वर कुठेतरी साडेसहा वाजले असावेत, कारण वरून बारीकसं "टिंग" ऐकू आलं.

चपला थांबल्या.

मी वाट बघितली. मग पुन्हा चपलांचा आवाज सुरू झाला. या खेपेला दोन-दोन पायऱ्यांचा.