सिन्योरीना नुन्झियाता

नुन्झियाता पंचेचाळिशीला आली, केस पिकले, तरी औषधवाल्याची बायको तिला दुकानात सगळ्यांदेखत हाक मारायची, "काय सिन्योरीना, काय हवंय?" लग्न झालेल्या बाईला सिन्योरा, कुमारिकेला सिन्योरीना. 'सिन्योरीना' हा शब्द औषधवालीण मुद्दाम जिभेवर घोळवायची. नुन्झियाता सतरा वर्षं रोक्को गवंड्याच्या घरात त्याची बायको म्हणून राहत होती. त्याची लग्नाची बायको तेओदोरा केव्हाच नेपल्सला माहेरी गेली होती, पण तेव्हा कायद्यात काडीमोड नव्हता.

त्या मार्चमध्ये रोक्को परांचीवरून पडला आणि जागीच गेला. नुन्झियातानं त्याला धुतलं, दाढी केली. मी शेजारीण, मी त्याचं डोकं धरलं होतं.

पाद्री आले. म्हणाले, "तेओदोराला तार केलीय. शवपेटीजवळ ती बसेल."

"आणि मी, बाबा?"

"तू मागं बस, पोरी."

तेओदोरा भावाबरोबर बसनं आली. दारात पुरुषांनी टोप्या काढल्या. "सिन्योरा, देव बळ देवो." औषधवाल्याच्या बायकोनं तर तिला मिठी मारली. तेओदोरा पेटीत बराच वेळ बघत राहिली. मग माझ्या कानाशी लागली, "हाच ना तो?"

मी मान हलवली. तिची तरी काय चूक! तिनं पाहिला होता तो काळ्या केसांचा पोरगा.

दुपारी मी रस्सा घेऊन गेले, तर ती स्वयंपाकघरात नुन्झियातासमोर उभी.

"सिन्योरा, बसा ना," तेओदोरा म्हणाली. "त्याला फार त्रास झाला का हो?"

नुन्झियातानं टेबलाची कड धरली. तिला सिन्योरा असं कुणी कधी म्हटलंच नव्हतं. "नाही," ती कशीबशी बोलली. "कळलंसुद्धा नसेल."

तेवढ्यात भाऊ आत आला. "घराची किल्ली कुणाकडे आहे?"

तेओदोरानं मान खाली घातली. "सिन्योरीनाकडे असेल."

नुन्झियातानं किल्ली काढून टेबलावर ठेवली. मी रश्श्याचं भांडं तिच्यासमोर ठेवलं.

घर उन्हाळ्यात विकलं गेलं. तोवर नुन्झियाता माझ्याकडे पीठ ठेवायच्या खोलीत झोपली. मग उत्तरेला तुरीनला लोकांचे कपडे धुवायला गेली. तिकडच्या थंडीनं तिची छाती धरली आणि तिसऱ्या हिवाळ्यात ती गेली. कुठं पुरलं, कुणी कळवलं नाही.

रोक्कोच्या थडग्याच्या दगडावर 'शोकाकुल पत्नी तेओदोरा' असं कोरलंय. ती पुन्हा आली नाही. गवत मीच उपटते.