बटाट्याला लागते तेवढी थंडी

आम्रपालीला जाऊन वर्ष होत आलं होतं, तेव्हाची ही गोष्ट.

ती पुण्याजवळच्या मांजरी गावची. लग्न होऊन माझ्या घरी कोथरूडला आली तरी तिची मातीची सवय सुटली नाही. आमच्या सोसायटीच्या गच्चीवर ती सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत बटाटे लावायची. दिवाळी झाली, सकाळी स्वेटर घालावासा वाटला, की लावायची. खालच्या मजल्यावरचे तात्याराव विचारायचे, "वहिनी, मंडई बंद पडली का?" ती हसायची आणि पहिले बटाटे त्यांच्याच घरी पाठवायची.

आमची मुलगी दीक्षा कॅनडात, सास्काटूनला असते. दर रविवारी तिचा फोन यायचा तो आईला. मायलेकी तास तास बोलायच्या. शेवटी फोन माझ्या हातात यायचा. मी हवा कशी आहे विचारायचो आणि परत द्यायचो. आम्रपाली गेल्यावर परत द्यायला कुणी उरलं नाही. दीक्षा विचारायची जेवलात का, मी हो म्हणायचो, मग दोघंही गप्प. एखाद्या रविवारी हा फोन येणारच नाही, अशी मला धास्ती वाटायची.

एप्रिलात तिनेच विषय काढला. घराजवळ भाड्याने वाफा मिळतो, तो तिने घेतला होता. महिनाअखेरीस आईचा पहिला स्मृतिदिन, त्या दिवशी तिला तिथे बटाटे लावायचे होते. मोड आलेले बटाटे तिने मला व्हिडिओवर दाखवले. कितीतरी महिन्यांनी ती भरभरून बोलत होती. बर्फ नुकतंच वितळलंय, जमीन गार आहे, पण आई थंडीतच लावायची ना, असं तिचं म्हणणं. मी बरं म्हणालो.

फोन ठेवल्यावर मात्र चैन पडेना. मला शेतीतलं फार कळत नाही. पण आम्रपालीच्या मागे पाण्याची बादली घेऊन मी बरीच वर्षं गच्चीवर चढलो. तिच्या थंडीत आम्ही दुपारी पंखा लावायचो. गोणीतली माती हाताला गार लागायची, पण बोटं कधी बधिर झाली नाहीत. ती मला हाक मारून वर बोलवायची म्हणून एवढं तरी मला ठाऊक, याबद्दल मी तिचा ऋणी आहे. मी दीक्षाच्या गावचं हवामान पाहिलं. तिथे पहाटे अजून पाणी गोठत होतं. आपली डिसेंबरातली हवा तिकडे मे-जूनशिवाय येत नाही. आपण जिला थंडी म्हणतो तो त्यांचा उन्हाळा.

सांगावं तर पोरीचं मन मोडणार. न सांगावं तर बटाटे मातीत कुजणार, आणि तेही आईच्या नावाने लावलेले. पुढच्या रविवारी सांगितलं, इतक्यात लावू नकोस.

ती म्हणाली, "तुम्हाला त्या दिवसाचं काहीच नाही का, बाबा?"

"आहे. पण तुझ्या आईने तारीख बघून कधी काही लावलं नाही. मातीत हात घालून बघायची. तूही बघ. बोटं दुखली तर थांब."

तिने फोन ठेवला. स्मृतिदिनी मी बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती लावली, वंदना म्हटली. फोन आला नाही.

मग मधल्याच वारी, सकाळी आला. स्मृतिदिनी तिने वाफ्यात हात घातला होता. बोटं ठणकायला लागली, तशी ती तिथेच बसून रडली होती. बटाटे परत घरी नेऊन खिडकीत ठेवले, म्हणाली. नंतर ती येताजाता माती बघायची आणि मला कळवायची. कधी दोनच वाक्यं, कधी माझा चहा गार होईपर्यंत.

मे अर्धा सरला, बोटं ठणकायची थांबली, तेव्हा तिने लावले. तिकडे संध्याकाळ, इकडे माझी सकाळ. फोन तिने विटेला टेकवला होता, त्यामुळे मला तिचे बूट आणि थोडी काळी जमीन दिसत होती.

"मोड वरच ना, बाबा?"

"वरच."

त्यानंतर ती काही बोलली नाही, मीही नाही. खुरप्याचा आवाज येत होता. फोन कुणीच ठेवला नाही.