शंकेला इंग्रजीत काय म्हणायचं

जयश्रीने ‘डाऊट’ हा शब्द खोडला, तेव्हा तिला स्वतःचं थोडं कौतुकच वाटलं. शाळेतली पोरं दिवसभर ‘मॅडम, डाऊट आहे’ म्हणत मागे लागायची. संस्थेच्या हैदराबादच्या ऑफिसला पाठवायच्या ई-मेलमध्ये असला पोरकट शब्द कसा चालेल? तिने त्या जागी ‘सस्पेक्ट’ लिहिलं. त्याला वजन होतं.

मध्य प्रदेशातल्या सौसरच्या एका इंग्रजी शाळेत ती सातवीला इंग्रजी शिकवायची. स्वतः मराठी शाळेत शिकलेली, त्यामुळे आपलं इंग्रजी भारी दिसावं ही हौस जरा जास्तच. शाळेतला प्रोजेक्टर चोरीला गेला होता. त्या खोलीची चावी शिपाई श्रावणकडे असायची, म्हणून सगळ्यांची बोटं त्याच्याकडे वळली. संस्थेच्या ऑफिसात मराठी कोणाला कळत नव्हतं. प्राचार्य हेमराज सर म्हणाले, ज्याला जे वाटतं ते इंग्रजीत लिहून पाठवा. बाकीच्यांनी ‘माहीत नाही’ एवढ्यावर भागवलं. जयश्रीला ते पटेना. श्रावण असं करणाऱ्यातला माणूस नव्हता. ‘त्याने घेतला असेल, याची मला शंकाच वाटते,’ हे तिच्या मनातलं वाक्य. शंकेच्या जागी वजनदार शब्द घालून तिने तेच इंग्रजीत उतरवलं.

“श्रावणभाऊ, मी तुमच्या बाजूने लिहिलंय,” तिने त्याला सांगितलंही.

तरी श्रावणची नोकरी गेलीच. मग एका रविवारी तो पिशवीभर संत्री घेऊन तिच्या दारात आला. पांढुर्ण्याच्या संत्रा मंडीत त्याला कॅरेट भरायचं काम मिळालं होतं.

“सगळे गप बसले, मॅडम. तुमीच एकट्या बोलल्या माह्यासाठी. हे पोराइले द्या.”

संत्री गोड निघाली. पोरांनी दोन दिवसांत पिशवी रिकामी केली.

पुढच्याच आठवड्यात सातवीला सारख्या वाटणाऱ्या शब्दांच्या जोड्या शिकवायच्या होत्या. ‘बॉरो’ आणि ‘लेंड’ झालं. पुढची जोडी ती पुस्तकातून वाचत सांगू लागली, “एखादी गोष्ट झाली नसेल असं वाटलं, तर डाऊट. झाली असेल असं वाटलं, तर...”

तिने ती ओळ पुन्हा वाचली.

“तर सस्पेक्ट,” पहिल्या बाकावरच्या तेजस्विनीने वाक्य पुरं केलं. “मॅडम, मंजे उलटे शब्द हायेत हे?”

“हो,” जयश्री म्हणाली. “उलटे आहेत.”

तास संपल्यावर तिने मोबाइलमध्ये तो मेल उघडला. तिचीच ओळ, तिचंच नाव. इतक्या शिक्षकांत श्रावणला चोर म्हणणारी ती एकटी होती.

हेमराज सरांनी ऐकून घेतलं आणि खुर्ची मागे सरकवली. “मॅडम, मॅटर बंद झालं. आता काऊन उकरून राहिल्या? इंग्रजीच्या बाईला इंग्रजी येत नाही, असं होईल. पालक काय म्हणतील?”

ते तिला पटलं, याचीच तिला पुढे सगळ्यात जास्त लाज वाटली. काही दिवस ती गप्प राहिली. घरात कोणी संत्रं सोललं की तिथून उठून जायची. शेवटी तिने हैदराबादला लिहिलं: चूक माझी आहे, मला नेमकं उलटं म्हणायचं होतं. साध्यात साध्या शब्दांत. मग तिने पांढुर्ण्याची बस धरली.

मंडीत श्रावण गाडीवर कॅरेट चढवत होता. त्याची बायको कमल ढिगाजवळ बसून फळं निवडत होती. जयश्रीने दोघांसमोर सगळं सांगितलं. श्रावण हातातलं कॅरेट खाली ठेवायचंच विसरला.

“पन तुमाले काय वाटत होतं?” त्याने विचारलं.

“तुम्ही घेतला नाही, हेच. पहिल्या दिवसापासून.”

“मंग तसंच लिवाचं ना, बाई. ‘ह्यानं घेतला नाही.’ एवढ्याचं इंग्रजी नव्हतं का?”

होतं. पहिलीतल्या पोरालाही आलं असतं. जयश्रीची मान वर होईना.

कमल हात पुसत उठली. “तुमी आमच्या बाजूनं हाये म्हनून मी मोहल्ल्यात सांगत फिरली. लोक हासत, म्हनत, मंग काहाडला कायले? आता मी त्याइले काय सांगू?”

“मी येते. मी सांगते सगळ्यांना.”

“या,” कमल म्हणाली. “आत्ताच चला.”

त्यांच्या मोहल्ल्यात बुद्धविहाराच्या बाजूच्या ओट्यावर बायका बसल्या होत्या. कमलने त्यांना जवळ बोलावलं. जयश्री उभी राहिली आणि मराठीत बोलली. श्रावणभाऊंनी चोरी केलेली नाही, माझ्या चुकीच्या शब्दाने त्यांच्यावरचा आळ पक्का झाला. एका म्हातारीने विचारलं, “मंग नोकरी परत देतीन का?”

“लिहिलंय. माहीत नाही.”

नोकरी परत मिळाली नाही. ऑफिसकडून दोन ओळींचा मेल आला: खेद आहे, जागा भरली आहे. तो श्रावणला वाचून दाखवायला जयश्री पुन्हा पांढुर्ण्याला गेली. या वेळी तिने एकेका शब्दाचा अर्थ थांबून थांबून सांगितला. श्रावणने ऐकलं, मान हलवली आणि पुढचं कॅरेट उचललं.