आडवं मूल

साळूबाईंनी घरातली सगळी कुलपं उघडली तेव्हा सकाळचे नऊ वाजले असतील. पेटी, कपाट, धान्याची कोठी, गोठ्याची कडी. लेकाच्या, वसंताच्या बुटांच्या नाड्यासुद्धा सोडून ठेवल्या. सून अडू नये म्हणून बाळंतपण होईस्तोवर घरात काही म्हणजे काही बंद राहू द्यायचं नाही, ही त्या घरची रीत. उघडायला कुणाला सांगावं लागलं नाही अशी एकच गोष्ट होती, ती म्हणजे साळूबाईंचं तोंड.

"पहिल्या खेपेला माहेरच्यांनी चिरून आणली हिला, गोजरबाई. सहा महिने कळशी उचलली न्हाई! आता आमच्या घरी हाय, सरळ होऊ द्या."

गोजरबाई धावड्याची सुईण. तीस वर्षांत किती पोरं हातावर घेतली ते तिनं मोजलं नव्हतं, पण गावातल्या निम्म्या माणसांचं तिनं आधी डोकं पाहिलं होतं आणि चेहरा मग. तिनं तळहाताला कोमट तेल चोळलं आणि सुनेच्या, सत्यशीलेच्या पोटावर हात ठेवले. डोकं खाली, पाठ डाव्या अंगाला. शहाण्यासारखं बसलेलं मूल. बोटं सरकत सरकत ओटीपोटावरच्या वणापाशी आली आणि तिथंच थांबली.

कळ ओसरल्यावर सत्यशीलेनं तिचं मनगट धरलं. "मावशी, मला दवाखान्यात न्या. पुन्हा चिरलं तरी चालंल. इथं नको. सासूबाईंनी बद्रीनाथला सांगून ठिवलंय."

बद्रीनाथ गावचा कंपाउंडर. जालन्यात एका डॉक्टरकडे चार वर्षं राहिला होता आणि येताना कळा वाढवायची सुई शिकून आला होता. ती सुई घरोघर फार आवडायची. बाई अडून बसली की बद्रीनाथला बोलवायचं, तासाभरात मूल हातात.

गोजरबाईलाही ती आवडायची. पण आठ वर्षांमागं शेजारच्या गावात असाच एक वण तिच्या बोटांखाली आला होता, आणि सुई द्या असं तीच म्हणाली होती. कळा वाढल्या, वाढत गेल्या, आणि एकदम थांबल्या. बाई म्हणाली, आता बरं वाटतंय. तिच्या सासूनं चहा टाकला. तो चहा कुणी घेतला नाही. पुढे आरोग्य केंद्रात सुईणींना शिकवायला बोलावलं तेव्हा नर्सबाईंनी सांगितलं, चिरलेल्या बाईला ती सुई दिली की जुना टाका आतून उसवतो. गोजरबाई त्या दिवशी जेवली नाही. का ते तिनं कुणाला सांगितलंही नाही.

"साळूबाई, चिरलेलं पोट हाय," ती म्हणाली. "भोकरदनच्या दवाखान्यात नेऊ."

"आँ? तुमी बी तेच? मूल आडवं हाय का?"

"न्हाई, पन..."

"पायाळू हाय?"

"न्हाई."

"मंग कशाला न्यायचं? तुमचा हात चालून राह्यला न्हवं?"

गावात सुईणीनं हात टेकल्याशिवाय बाई घरातून हलत नसे. शहाण्णव साल उजाडलं होतं, गावात फोन आला होता, पण हे काही बदललं नव्हतं. आणि गोजरबाईनं आजवर एकदाही हात टेकले नव्हते. लोक तिचं नाव घ्यायचे ते तेवढ्याचसाठी.

तेवढ्यात बद्रीनाथ आला. पिशवी टेकवली, हात धुतले, साळूबाईंनी सोडलेल्या नाड्या बघून हसला. मग काचेची बारीक बाटली उजेडाकडे धरून तिची मान मोडली. कट् असा आवाज झाला आणि सत्यशीला भिंतीकडे सरकली.

"जल्दी करू," तो म्हणाला. "मला बदनापूरला लग्नाला जायचंय."

गोजरबाईनं पुन्हा पोटावर हात ठेवले. या वेळी उगीच फार वेळ ठेवले. भुवया आवळल्या. खालचं डोकं तिच्या ओंजळीत नारळासारखं स्पष्ट लागत होतं.

"आडवं हाय," ती म्हणाली.

"घडीभरापूर्वी न्हाई म्हन्ल्या!" साळूबाई ओरडल्या.

"चुकलं माझं." तिनं हात पोटावरून काढले. "हात म्हातारे झाले. मला जमायचं न्हाई."

दारात जमलेल्या दोघीतिघींनी एकमेकींकडे पाहिलं. बद्रीनाथनं भरलेली सुई खाली ठेवली. "आडवं असंल तर मी न्हाई बा देत. उद्या माझ्यावर यायचं."

वसंता जीप आणायला पळाला. साळूबाईंनी चपला घातल्या आणि किल्ल्यांचा जुडगा उचलला.

"कुलूप घालता?" गोजरबाई म्हणाली. "सून अडलेली, अन् तुमी कुलूप घालता?"

साळूबाई दारातच थबकल्या. आत उघडी पेटी, पेटीत सोन्याच्या पुतळ्यांची माळ. बाहेर जीप. बद्रीनाथकडे त्यांनी एकदा पाहिलं आणि चपला काढून उंबऱ्यावर बसल्या. वाटेत त्यांचं बोलणं ऐकायचं वाचलं, एवढं एक त्या दिवशी गोजरबाईच्या मनासारखं झालं.

रस्ता म्हणजे खड्ड्यांची माळच. गोजरबाई पाठीमागं सत्यशीलेचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती, एक तळहात वणावर. कळ आली की पोट दगडासारखं व्हायचं, मग सैल पडायचं. भोकरदन तीन-चार मैलांवर राहिलं आणि कळ आलीच नाही. एक शेत गेलं, विहीर गेली, शाळा गेली.

"दुखून राह्यलं का गं?"

"न्हाई मावशी. बरं वाटतंय."

गोजरबाईनं दुसरा तळहातही पोटावर ठेवला. "दुखू दे गं बाई," ती पुटपुटली, मग मोठ्यानं म्हणाली, "दुखू दे, दुखू दे!"

ड्रायव्हरनं मागं वळून पाहिलं. ही कसली सुईण! पुढच्या वळणावर सत्यशीला किंचाळली, पोट हाताखाली घट्ट झालं, आणि गोजरबाईनं दोन्ही डोळे पदराला पुसले.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी तपासलं. "आडवं कोण म्हणालं? डोकं चांगलं खाली आहे."

"मी," गोजरबाई जमिनीकडे बघत म्हणाली. वसंतानं तिच्याकडे असं पाहिलं, जसं काही तिनं त्याची म्हैस विकली.

"बरं केलं आणलंत," बाई म्हणाल्या आणि सत्यशीलेकडे वळल्या. "बाळाचे ठोके चांगले आहेत, वण दुखत नाही. वाट बघता येईल, पण टाका उसवायची थोडी भीती असतेच. मी इथंच बसते, जरा वेगळं वाटलं की ऑपरेशन. नाहीतर आत्ताच करू. तुला काय हवंय?"

"बाई, माझी माय म्हनत व्हती..." वसंता म्हणाला.

"कळा मायला नाहीत."

सत्यशीलेनं गोजरबाईकडे पाहिलं. गोजरबाईनं मुद्दाम भिंतीवरच्या कॅलेंडरकडे तोंड केलं. इतकी वर्षं बायकांच्या उशाला बसून 'तुला काय हवंय' हे तिनंही कधी कुणाला विचारलं नव्हतं.

"थांबू," सत्यशीला म्हणाली. "पन मी करा म्हन्ले की लगेच करायचं. ह्यांना इचारत बसायचं न्हाई."

"नाही विचारणार."

चार तास गेले. बाई दर थोड्या वेळानं ठोके ऐकत होत्या, आणि त्या नळी कानाला लावायच्या तेव्हा गोजरबाई श्वास धरून बसायची. साडेतीनला मुलगी झाली. सरळ, डोक्याकडून, मोठ्यानं रडत.

गावात बातमी जीपच्या आधी पोचली. "आडवं म्हन्ली अन् सरळ निघालं!" साळूबाईंनी चार आळ्यांत सांगितलं. "वाटंत फिरलं असंल," असं गोजरबाईनं एकदोनदा म्हणून बघितलं, पण ते कुणाला पटलं नाही. बद्रीनाथ पारावर म्हणाला, म्हातारीला डोकं अन् ढुंगण कळंना झालंय. पुढच्या महिन्यात पाटलांच्या सुनेला दुसऱ्या गावची सुईण आणली. सत्यशीला मात्र बारशाला सगळ्यांच्या देखत तिच्या पाया पडली, आणि सासूनं विचारल्यावर म्हणाली, "उगीच."

एका दुपारी मागच्या दारानं बेबीनंदा आली. बौद्ध वाड्यातली, दोन वर्षांपूर्वी चिरून आणलेली. पदराआड पोट होतं. बसली, पाणी प्याली, इकडंतिकडं बघितलं.

"मावशी, आमच्या घरी बी बद्रीनाथला सांगून ठिवलंय." मग आवाज आणखी खाली. "माझं बी आडवं हाय म्हनाल का?"

गोजरबाई शेंगा फोडत होती. हात पुसून तिनं विचारलं, "कितवा?"

"सहावा लागलाय."

तिनं पोटाला हातसुद्धा लावला नाही.

"आडवंच हाय," ती म्हणाली. "आजपासून सांगत जाते."