गिरणीच्या तळ्यावर साबण

गिरणीच्या तळ्यात साबण लावायचा न्हाई, एवढं कळायला काय कॉलेज लागतंय? मी दुसरीतून शाळा सोडली, मला कळतंय.

आमच्या हिंगोलीच्या कापसाच्या गिरणीचं हे तळं. ह्याचंच पाणी बॉयलरात जायचं. पाण्यात साबण गेला की बॉयलरात फेस चढायचा अन् सारी गिरणी ठप्प. आमचे घरधनी सोनाजी बॉयलरवर कामाला होते. म्हणून तळ्याभवतीच्या खोल्यांतल्या बायांवर नजर ठेवायचं काम माझ्याकडं. पुढं गिरणी बंद पडली, बॉयलर भंगारात गेला, घरधनीबी गेले. पर माझं काम मी सोडलं न्हाई.

अन् परवा बघते तर आमचीच नातसून सृष्टी पायरीवर बसून पावडरीचा फेस काढून राहिली! मी बादलीच आडवी केली.

"आजी, नळाला पाणी न्हाई. अन् बॉयलर कुठंय? दाखवा मला."

"दाखवते ना! आधी उठ तिथून."

"दाखवाच. तिथं बाभळी उगवल्यात."

समोरच्या ओट्यावर आशाबाई तोंडाला पदर लावून हसून राहिली. तिला तेच पाहिजे.

सृष्टीनं ओली कापडं पिशवीत कोंबली अन् नवऱ्याला म्हणाली, "सेनगावात नळाची खोली बघा. न्हाईतर मी एकलीच माहेरी जाते."

आमचा नातू वैजनाथ सेनगावची जीप चालवतो. दिवसभर पॅसेंजरला हाका मारतो, घरात मात्र खांब. माझ्याकडं बघंना, तिच्याकडं बघंना. जाऊन जीप चालू केली, अन् सृष्टी पिशवी घेऊन आत बसली.

मनात म्हटलं, जातेत तर जाऊ दे. पर आधीच निम्म्या खोल्यांना कुलपं. हे दोघंबी गेल्यावर मी काय भिंतीवर ओरडू?

मीच तळ्यात उतरले. बादली भरली अन् आमच्या ओट्यावर आणून आदळली.

"पाणी घे, पर फेस इथं काढ. लिंबाच्या बुडाला जाऊ दे. तळ्यात थेंब गेला तर बघ!"

"ह्या वयात बादल्या उचलता व्हय?"

"मग तू उचल की!"

फणकाऱ्यानं जीपमधून उतरली. पिशवीबी उतरवली.

आज सकाळी आशाबाई साबणाची वडी घेऊन पायरी उतरली. मी तोंड उघडायच्या आत ओट्यावरून सृष्टी कडाडली, कमरेवर हात ठेवून.

"ओ मावशी! इथं साबण चालत न्हाई!"

"काहून? बॉयलर कुठंय?"

"कुठं का असंना! आधी वर या!"

आशाबाई वर आली. नव्या सुनेनं एवढ्या मोठ्यानं ओरडायचं असतंय का? अन् तेबी माझ्या आधी!